बदकाचे पिल्लू अंड्यात थांबते तेव्हा

जालना - उबवणी यंत्रातील बदकाच्या अंड्याला सव्विसाव्या दिवशी बारीक चीर पडते, आतून चिवचिव ऐकू येते आणि घरात आनंद होतो. नंतर मात्र तास उलटतात, दिवस मावळतो, रात्र सरते आणि चीर होती तेवढीच राहते. अशा वेळी घरातील कोणाचा तरी हात कवच सोलण्यासाठी पुढे होतोच. कळवळ्यापोटी केलेली ही घाई अनेकदा पिल्लाच्या जिवावर बेतते. दुसरीकडे, खरोखर अडकलेले पिल्लू दैवावर सोडून दिले तर तेही कवचातच दगावते. थांबलेले पिल्लू कोणते आणि अडकलेले कोणते, हे ओळखता येणे हाच या प्रश्नाचा गाभा आहे.

जालना जिल्ह्याची ओळख बियाणे, पोलाद आणि मोसंबीची. बदकपालन ही पश्चिम बंगाल, आसाम, केरळ अशा पाणथळ प्रदेशांची परंपरा. मराठवाड्यात ते फार थोड्या प्रमाणावर चालते. मात्र पाणलोट विकासासाठी व द्राक्षांसाठी नावाजलेल्या कडवंचीसारख्या गावांत आणि इतरत्रही शेततळी वाढली, तसा शेततळ्याच्या काठी चार-दोन बदके पाळण्याचा विचारही शेतकऱ्यांच्या मनात येऊ लागला. अंडी उबवण्यासाठी खुडूक कोंबडी किंवा थर्मोकोलच्या पेटीतील लहान उबवणी यंत्र वापरले जाते. अडचण येथेच सुरू होते. आपल्याकडे अंडी उबवण्याचे बहुतेक ज्ञान कोंबडीचे आहे आणि कोंबडीचे वेळापत्रक बदकाला लागू पडत नाही.

कोंबडीचे पिल्लू २१ दिवसांत बाहेर येते. खाकी कॅम्पबेल, पांढरे पेकिन आणि बहुतेक गावठी बदकांना २८ दिवस लागतात, तर मस्कोवी जातीला सुमारे ३५ दिवस. राजहंसाचे पिल्लू साधारण महिनाभराने बाहेर पडते. कवचाला पहिली चीर पडल्यानंतर कोंबडीचे पिल्लू बहुधा एका दिवसाच्या आत मोकळे होते. बदकाच्या पिल्लाला २४ ते ४८ तास लागू शकतात आणि राजहंसाच्या पिल्लाला कधी त्याहूनही अधिक. कोंबडीच्या घड्याळाने बदकाकडे पाहणाऱ्याला निरोगी पिल्लूही संकटात सापडल्यासारखे भासते.

शेवटचे तीन दिवस

अंड्याचे कवच बंद दिसत असले तरी ते सच्छिद्र असते. कोंबडीच्या एका अंड्याला सुमारे दहा हजार सूक्ष्म छिद्रे असतात. अमेरिकेत हर्मन रान, आमोस आर आणि चार्ल्स पॅगानेली या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात अंड्याच्या श्वसनाचा सविस्तर अभ्यास केला. त्यांच्या मोजणीनुसार ६० ग्रॅम वजनाचे कोंबडीचे अंडे २१ दिवसांत सुमारे ६ लिटर प्राणवायू आत घेते. साडेचार लिटर कार्बन डाय ऑक्साइड आणि ११ लिटर पाण्याची वाफ बाहेर टाकते. हा सारा व्यवहार कवचाच्या आतल्या बाजूस पसरलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून होतो. पिल्लाची फुप्फुसे तोवर कामाला लागलेली नसतात.

पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवसाच्या सुमारास बदकाच्या वाढलेल्या पिल्लाला छिद्रांतून येणारी हवा पुरेनाशी होते. ते अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीत पातळ पडदा फाडून चोच घालते आणि पहिला श्वास घेते. याच टप्प्यावर अंडे कानाशी धरल्यास टकटक किंवा बारीक चिवचिव ऐकू येते. पोकळीतील हवाही काही तासांत कोंदट होते. मग मानेचा मोठा स्नायू झटके देऊ लागतो आणि चोचीच्या टोकावरील कठीण उंचवटा कवचावर आदळून पहिली चीर पडते.

त्यानंतर पिल्लू थांबते. बाहेरून ही विश्रांती वाटते, आत मात्र तीन महत्त्वाची कामे चालू असतात. श्वसनाचा भार फुप्फुसांकडे येतो. कवचालगतच्या वाहिन्यांतील रक्त पिल्लाच्या शरीरात ओढले जाते. उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात जातो आणि बेंबी मिटू लागते. पोटात गेलेला हा बलक पुढील दोन-तीन दिवसांची शिदोरी असतो. ही कामे उरकल्यावर पिल्लू अंड्यात गोल फिरत कवचाला रांगेने चिरा पाडते, रुंद टोकाची टोपी उचलते आणि पायांनी रेटा देऊन बाहेर येते.

कवच आधीच सोलले तर रक्ताने भरलेल्या वाहिन्या तुटतात किंवा बलक बाहेर लोंबत राहतो. काही थेंब रक्त माणसाला क्षुल्लक वाटेल. एवढ्याशा पिल्लाला ते परवडणारे नसते.

अंड्यातील पिल्ले एकमेकांची चाहूलही घेतात. मार्गारेट व्हिन्स यांनी १९६० च्या दशकात लाव्यांच्या अंड्यांवर केलेल्या प्रयोगांतून, शेजारच्या अंड्यातील टकटक ऐकून पिल्ले बाहेर येण्याची वेळ जुळवून घेतात, असे दिसून आले. अमेरिकेतील गिल्बर्ट गॉटलीब यांनी बदकाची पिल्ले अंड्यात असतानाच आवाजांना प्रतिसाद देतात, हे दाखवले. म्हणूनच चीर पडलेले अंडे इतर अंड्यांपासून दूर नेऊन वारंवार हाताळणे हिताचे नसते.

जालन्याची हवा आणि अंड्यातले पाणी

पिल्लू खरोखर अडकते तेव्हा त्याचे मूळ कारण बहुधा आधीच्या पंचवीस दिवसांत दडलेले असते. त्यात पहिला क्रम आर्द्रतेचा. उबवणीच्या काळात बदकाच्या अंड्याचे वजन १२ ते १४ टक्क्यांनी घटावे लागते. पहिल्या दिवशी ७० ग्रॅम भरलेले अंडे पंचविसाव्या दिवशी ६० ते ६२ ग्रॅमच्या दरम्यान असावे. पाणी कमी उडाले तर हवेची पोकळी लहान राहते आणि फुगलेल्या, ओलसर पिल्लाला वळायला जागा उरत नाही. पाणी जास्त उडाले तर आतला पडदा वाळून चामड्यासारखा होतो आणि पिल्लाच्या अंगाला घट्ट चिकटतो.

जालन्यासारख्या कोरड्या जिल्ह्यात दुसरा धोका मोठा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता २०-२५ टक्क्यांच्या आसपास उतरते. हिवाळ्यात धोका टळतो, असा समज आहे. तो खरा नाही. पहाटेची १२ अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा यंत्रात शिरून साडेसदतीस अंशांपर्यंत तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्याही खाली जाते. पावसाळ्यातील दमट हवेची आर्द्रता मात्र यंत्रात तापल्यावरही ४० टक्क्यांच्या आसपास राहते. त्यामुळे वर्षभर एकाच मापाने पाणी ठेवणे चुकीचे ठरते.

पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि आर्द्रता ५५ ते ६० टक्के ठेवावी. बदकाच्या अंड्यांवर दुसऱ्या दिवसापासून तेविसाव्या दिवसापर्यंत रोज एकदा कोमट पाणी शिंपडून ती थोडा वेळ, जास्तीत जास्त अर्धा तास, थंड होऊ देण्याची शिफारस कुक्कुटपालनशास्त्रात केली जाते. चरून आलेली बदकी ओल्या पिसांनी घरट्यात बसते, त्याचेच हे अनुकरण. खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली असल्यास हे काम माणसाला करावे लागते, कारण कोंबडी कोरड्या अंगाने बसते. बदकाचे अंडे मोठे आणि जड असल्याने ते फिरवणेही तिला जमेलच असे नाही. म्हणून डालग्यातील अंडी दिवसातून दोन-तीनदा हाताने फिरवावीत.

चोविसाव्या-पंचविसाव्या दिवशी अंडी फिरवणे बंद करावे आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर न्यावी. पाण्याची पसरट भांडी वाढवणे, त्यात कापड किंवा स्पंज उभा ठेवणे हे साधे उपाय पुरतात. मात्र हवा खेळती राहिली पाहिजे. या दिवसांत पिल्लांना प्राणवायू सर्वाधिक लागतो. यंत्राचे झाकण दर तासाला उघडून पाहणे हा सर्वांत महागात पडणारा उत्साह होय. झाकण उघडताच दमट हवा निघून जाते आणि ओला झालेला पडदा आकसतो. खंडित वीजपुरवठ्याच्या गावांत बॅटरीची सोय आधीच करावी. ती नसेल तर वीज जाताच यंत्रावर गोधडी पांघरावी, हवेची छिद्रे तेवढी मोकळी ठेवावीत.

थांबलेले की अडकलेले?

चीर पडली की प्रथम वेळ लिहून ठेवावी. काळजीत आठ तास चोवीस तासांसारखे वाटतात. नोंद असेल तर निर्णय घड्याळावर होतो.

चीर अंड्याच्या रुंद टोकाकडे आहे, भोकातून चोचीची हालचाल दिसते, अधूनमधून आवाज येतो आणि पडदा पांढरा व ओलसर आहे, अशा पिल्लाला पहिले २४ तास अजिबात हात लावू नये. त्यानंतरही आवाज आणि हालचाल चांगली असेल तर आणखी वाट पाहण्यास हरकत नसते.

काही लक्षणे मात्र वेगळी असतात. हवेच्या पोकळीत चोच शिरून दीड दिवस झाला तरी कवचाला चीर नाही; चीर निमुळत्या टोकाकडे पडली आहे; भोकातील पडदा पिवळट-तपकिरी आणि कोरडा दिसतो; चीर पडून ४८ तास होत आले आणि आवाज क्षीण होत चालला आहे; किंवा पिल्लाने बराचसा गोल कापला, पण नंतर कित्येक तास ते जागचे हललेले नाही. यांपैकी काही दिसल्यास मदतीचा विचार करावा. निमुळत्या टोकाकडे चीर पडणे म्हणजे पिल्लाचे डोके उलट्या बाजूला आहे. त्याला हवेच्या पोकळीतील पहिला श्वास मिळालेला नसतो. अशी काही पिल्ले स्वतःच बाहेर येतात, पण त्यांच्यावर अधिक लक्ष ठेवावे लागते.

अंडे कोमट पाण्यात सोडून ते हलते का पाहण्याची जुनी पद्धत काही ठिकाणी आहे. चीर पडलेल्या अंड्यावर हा प्रयोग करू नये. आत पाणी शिरून पिल्लू बुडते. अंधाऱ्या खोलीत रुंद टोकाला बॅटरी लावून पाहणे हा सुरक्षित मार्ग. पोकळीची कड आणि तिच्यात हलणारी चोचीची सावली त्यात स्पष्ट दिसते.

मदत करायचीच तर

हात साबणाने स्वच्छ धुवावेत. खोलीतील पंखा बंद ठेवावा. उकळून कोमट केलेले पाणी, स्वच्छ कापूस, टोकदार चिमटा आणि थोडे खोबरेल तेल जवळ असावे. अंडे एका वेळी पाच-दहा मिनिटांपेक्षा अधिक काळ यंत्राबाहेर राहू नये.

पोकळीत चोच आहे, पण बाहेर चीर नाही, अशा अंड्याला फक्त श्वासापुरते भोक द्यावे. बॅटरीच्या उजेडात पोकळीची कड पेन्सिलीने आखावी. ज्योतीवर तापवून थंड केलेल्या सुईने रुंद टोकाच्या मधोमध, कवच हळूहळू कोरत, काडीपेटीतील काडीच्या गुलाएवढे भोक करावे. सुई खोल जाऊ देऊ नये. एवढे करून अंडे परत ठेवावे. अनेक पिल्लांना पुढे दुसऱ्या कोणत्याही मदतीची गरज लागत नाही.

पडदा वाळून पिल्लू अडकले असेल तर कवचाचे तुकडे केवळ पोकळीच्या आखलेल्या कडेपर्यंत काढावेत. त्याखाली रक्तवाहिन्या दाट असतात. उघड्या झालेल्या आतल्या पडद्यावर कापसाने कोमट पाणी किंवा तेलाचे बोट फिरवावे. चोचीवरील नाकपुड्यांत ते जाऊ देऊ नये. ओला होताच पडदा पारदर्शक बनतो आणि आतले चित्र दिसते. लाल वाहिन्या ठसठशीत दिसल्या तर तेथेच थांबावे, अंडे यंत्रात ठेवावे आणि चार-सहा तासांनी पुन्हा पाहावे. पिल्लू चोच उघडझाप करत काही चघळल्यासारखे करत असेल, तर बलक अजून आत जात आहे, असे समजावे. त्याही स्थितीत थांबावे.

वाहिन्या पुसट झाल्या असतील, तर चोचीजवळील पडदा थोडा बाजूला करून श्वास मोकळा करावा. मग पुन्हा विश्रांती. पुढच्या खेपेस डोके मोकळे करावे आणि उरलेले अर्धे अंडे पिल्लाला स्वतः ढकलू द्यावे. त्याला चिमट्यात धरून ओढून काढू नये. बेंबी अजून कवचाशी जोडलेली असू शकते. ती जोडणी कापूही नये, सुकून ती आपोआप सुटते. मध्येच रक्त आले तर स्वच्छ कापसाने किंवा मक्याच्या पिठाने हलके दाबून ते थांबवावे आणि काम बंद करावे. ही मदत एका बैठकीत उरकण्याची नसते. तिला बारा तास, कधी पूर्ण दिवस लागतो.

एवढे करूनही काही पिल्ले वाचत नाहीत. अंड्यातील चुकीची ठेवण, मादीच्या आहारातील उणिवा, मध्यंतरी बिघडलेले तापमान, जंतुसंसर्ग अशी कारणे कवच फोडल्याने दूर होत नाहीत. मदतीने वाचलेले दुबळे पिल्लू पुढे पैदाशीसाठी ठेवू नये, असा सल्ला याच कारणाने दिला जातो. एकाच खेपेत अनेक पिल्ले अडकली तर दोष पिल्लांत न शोधता यंत्रात, अंड्यांच्या साठवणीत किंवा मादीच्या खाद्यात शोधावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि जालन्याजवळील खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात याबाबत विचारणा करता येते.

अंड्याबाहेर आल्यावर

बाहेर आलेले पिल्लू ओले, थकलेले आणि केविलवाणे दिसते. अंग सुकेपर्यंत त्याला यंत्रातच राहू द्यावे. बेंबी उघडी वाटल्यास पोव्हिडोन आयोडीनचा थेंब लावावा. पोटात बलक असल्याने पहिल्या दिवशी खाद्याची घाई नसते. पाय फाकू नयेत म्हणून तळाशी खडबडीत कापड अंथरावे. वर्तमानपत्राच्या गुळगुळीत कागदावर पाय घसरून कायमचे अधू होतात. पहिल्या आठवड्यात सुमारे ३० ते ३२ अंशांची ऊब द्यावी आणि पाण्याचे भांडे उथळ ठेवावे. बदकाच्या पिल्लांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा अधिक लागते. केवळ कोंबडीच्या खाद्यावर वाढवल्यास पाय वाकण्याचा संभव असतो.

एकट्या वाचलेल्या पिल्लाला लवकर सोबत द्यावी. पिल्लू डोळ्यांसमोर प्रथम हलणाऱ्या प्राण्याला आई मानून त्याच्यामागे जाऊ लागते, हे कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये राजहंसांच्या पिल्लांवरील निरीक्षणांतून मांडले. माणसालाच आई समजलेले बदक पुढे कळपात रमत नाही. पोहण्याचीही घाई नको. आईविना वाढणाऱ्या पिल्लाची लव लवकर भिजते आणि ते गारठते. शेततळ्याच्या प्लास्टिक अस्तरावरून मोठ्या बदकालाही चढून येणे अवघड जाते, तेथे लहान पिल्लाचा निभाव लागत नाही. म्हणून काठाला दोरीची जाळी किंवा फळीचा उतार बांधूनच बदके सोडावीत.

रानातली अंडी

हे सर्व पाळीव बदकांबाबत झाले. पैठणचा नाथसागर १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य घोषित झाला. तेथे आणि मराठवाड्यातील इतर तलावांवर हिवाळ्यात येणारे चक्रवाक किंवा पट्टकादंब येथे अंडी घालत नाहीत. त्यांची घरटी लडाख, तिबेट अशा दूरच्या प्रदेशांत असतात. हळदीकुंकू बदक, अडई हे स्थानिक पक्षी मात्र पाणवठ्यांच्या आसपास गवतात किंवा झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. गवत कापताना असे घरटे दिसले तर ते सोडून दिलेले आहे, असे मानू नये. सर्व अंडी घालून झाल्याशिवाय बदकी उबवायला बसतच नाही, आणि बसल्यावरही चरण्यासाठी उठते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना बाधा पोहोचवणे शिकारीच्या व्याख्येत मोडते. अंडी घरी आणून कोंबडीखाली ठेवणे हा भूतदयेचा मार्ग नव्हे. घरटे उद्ध्वस्त झाले असल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. यात आरोग्याचा प्रश्नही गुंतलेला आहे. बर्ड फ्लूचा विषाणू बदके लक्षणे न दाखवता बाळगू शकतात. देशातील कोंबड्यांमधील पहिली साथ २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळली आणि जानेवारी २०२१ मध्ये जालन्याशेजारील परभणी जिल्ह्यातील मुरुंब्याला तिचा फटका बसला. रानातील अंडी व पाळीव कोंबड्या यांची सरमिसळ टाळणे हे गावाच्याही हिताचे आहे.

बदकाची अंडी उबवणाऱ्याने यंत्राशेजारी एक वही ठेवावी. अंडी ठेवल्याची तारीख, दर आठवड्याचे वजन, वीज गेल्याच्या वेळा, पहिल्या चिरेची वेळ आणि प्रत्येक पिल्लाचे काय झाले, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. कवच फोडून एखादे पिल्लू वाचते. पुढच्या खेपेत किती पिल्लांवर ही वेळच येऊ नये, हे त्या वहीवरून ठरते.